आठवडाभर जश्न, वहीत एकच पान: बालवाडीतली मुलं नेमकं काय शिकतात?

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उर्दू शाळांसाठी फार गडबडीचा. ९ तारखेला उर्दू दिन, ११ तारखेला मौलाना अबुल कलाम आझाद यांची जयंती म्हणजेच राष्ट्रीय शिक्षण दिन, आणि १४ तारखेला बालदिन. सहा दिवसांत तीन कार्यक्रम. मोठ्या वर्गांत भाषणं होतात, निबंध होतात, प्रश्नमंजुषा होते. पण शाळेला जोडलेल्या बालवाडीत, जिथे तीन ते सहा वर्षांची एकतीस मुलं एका खोलीत बसतात, तिथे या दिवसांत काय चालतं याची पालकांना फारशी कल्पना नसते. त्यांना दिसते ती फक्त वही. शनिवारी दप्तर उघडलं की आठवड्याचं एकच पान भरलेलं असतं, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "टीचर, पूरा हफ्ता खेलकूद में गया क्या? लिखाई कुठे आहे?"

प्रश्न रास्त आहे. फी भरणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. म्हणून २०२५ च्या त्या आठवड्यात आमच्या वर्गात सोमवार ते शनिवार काय झालं आणि ते तसं का केलं, हे इथे सविस्तर सांगतो.

आधी वर्गाची ओळख. गाव कोकणपट्टीतलं, शाळा उर्दू माध्यमाची. पण उर्दू माध्यमाची शाळा म्हणजे सगळी मुलं घरी उर्दू बोलतात, असं नसतं. आमच्या वर्गातल्या निम्म्या घरांत कोकणी बोलतात, आपण जिला "आपली बोली" म्हणतो ती. काही घरांत दखनी वळणाची उर्दू आहे, "नक्को" आणि "हौ" वाली. दोन-तीन कुटुंबं उत्तर प्रदेशातून इथे स्थायिक झाली आहेत, आणि काही घरांत सरळ मराठीच. अशा वर्गात जून महिन्यात "बेटा, अपनी कॉपी निकालो" म्हटलं की दहा मुलं वही काढतात, दहा शेजारच्याकडे बघतात आणि बाकीची रडतात. नोव्हेंबरपर्यंत रडणं थांबलेलं असतं, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी पुन्हा थोडी मागे येते. त्यामुळे या आठवड्यातले कार्यक्रम आम्ही मुलांना पुन्हा बोलतं करायला वापरतो. भाषण पाठ करून घ्यायला नाही.

जश्न आणि शिक्षण वेगळं आहे, ही समजूत आपल्या समाजात तरी नवीनच म्हणायला हवी. बिस्मिल्लाह-ख्वानी आठवा. मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की त्याला नवे कपडे घालायचे, घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या बुजुर्गांसमोर बसवायचं, त्यांनी म्हणायचं आणि मुलाने त्यांच्या मागे म्हणायचं, मग मिठाई वाटायची. अनेक घरांत आजही हा रिवाज आहे. त्या दिवशी मुलाच्या हातात कोणी पेन्सिल देत नाही. पहिला धडा कानाने घ्यायचा, तोंडाने परत द्यायचा, आणि तो आनंदाच्या वातावरणात. बालवाडीचं शास्त्र याहून फार वेगळं नाही.

सोमवार: थैलीतले शब्द

९ नोव्हेंबर ही अल्लामा इक़बाल यांची जन्मतारीख, १८७७ ची, म्हणून तो दिवस उर्दू दिन म्हणून साजरा होतो. यंदा तो रविवारी आला, आम्ही सोमवारी केला. पालकांना निरोप होता: मुलासोबत घरातली कोणतीही एक वस्तू पाठवा, विकत आणू नका. आलं ते बघण्यासारखं होतं. लाटणं, अत्तराची रिकामी शीशी, जाळीची टोपी, किसणी, एक कांदा, दादांचा चष्मा (तो लगेच परत पाठवला), नारळाची करवंटी.

सगळ्या वस्तू कापडी थैलीत टाकल्या. एकेकाने हात घालायचा, न बघता चाचपायचं आणि वस्तू काय आहे ते सांगायचं. घरी तिला काय म्हणतात तेच नाव आधी. मग आम्ही विचारायचं, "और किस-किस के घर में इसका दूसरा नाम है?" कांदा आला की एक म्हणतो कांदा, दुसरी म्हणते प्याज़. लाटणं म्हणजे बेलन. एका वस्तूला दोन नावं असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात, हे चार वर्षांच्या मुलासाठी फार मोठं ज्ञान आहे. त्याला तोपर्यंत वाटत असतं की आपल्या घरचा शब्द शाळेत चालत नाही, म्हणजे आपलं काहीतरी चुकतं. तो गप्प बसतो, आणि आपण म्हणतो मूल लाजाळू आहे.

इथे पालकांसाठी एक गंमत. वर्गातल्या वस्तूंची मराठी नावं घ्या: दप्तर, कागद, शाई, दौत, तक्ता, खुर्ची, दरवाजा. रोजची हजेरी घ्या, सुट्टीची रजा घ्या, शाबासही घ्या. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेले. दप्तर म्हणजे दफ़्तर, शाई म्हणजे सियाही, खुर्ची म्हणजे कुर्सी, कागद म्हणजे काग़ज़. मराठी शाळेत बसलेलं मूलही दिवसभर हेच शब्द बोलतं. तेव्हा "उर्दू शिकली तर मराठी बिघडेल" किंवा "मराठी बोलला तर उर्दू बिघडेल" ही भीती घरात बाळगू नका. बिघडतं ते मूल बोलायचंच बंद झालं तर.

थैलीनंतर नुक़्त्यांचा खेळ. उर्दूत बे, पे, ते, से या अक्षरांचं शरीर एकच, होडीसारखं. फरक ठिपक्यांचा: खाली एक की खाली तीन, वर दोन की वर तीन. आम्ही फरशीवर खडूने मोठ्या होड्या काढल्या आणि मुलांनी त्यांवर ठिपके ठेवले. मोठ्या गटाला चिंचोके, छोट्या गटाला बाटल्यांची झाकणं, कारण तीन वर्षांचं मूल चिंचोका नाकात घालतं. हे वाचून हसू येईल, पण हा नियम आमच्याकडे अगदी सक्तीचा आहे. एक पेन्सिल न लागता चार अक्षरांची ओळख झाली, तीनपर्यंत मोजणं झालं, वर-खाली समजलं. आणि संध्याकाळी मक्तबमध्ये क़ायदा उघडल्यावर बे आणि ते मुलाला ओळखीचे निघाले, हे दुसऱ्या दिवशी मुलांनीच सांगितलं.

याला जोडून एक सांगायला हवं. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. या वयात मुलं अक्षरं उलटी काढतात, आरशात दिसावीत तशी. फक्त उर्दूवालीच नाही, सगळी. सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्रास दिसतं आणि आपोआप सुटतं. त्यावरून हातावर मारू नका.

मंगळवार: किल्ल्यातल्या चिमण्या

मौलाना आझाद यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ चा, मक्केतला. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री, १९४७ पासून १९५८ मध्ये इंतकाल होईपर्यंत. त्यांची जयंती २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून साजरी होते. हे सगळं पाचवी-सहावीच्या मुलांना सांगा. चार वर्षांच्या मुलाला "शिक्षणमंत्री" म्हणजे काय कळणार? त्याला "काल" आणि "उद्या" यांतच गोंधळ असतो.

त्याला चिमणी कळते. आणि मौलानांकडे चिमण्यांची गोष्ट आहे, तीही महाराष्ट्रातली. ऑगस्ट १९४२ मध्ये "भारत छोडो"च्या वेळी इंग्रज सरकारने काँग्रेसच्या नेत्यांना पकडून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. मौलाना तिथे अडीच वर्षांहून अधिक काळ होते. तिथे त्यांनी पत्रांच्या रूपात जे लिहिलं ते पुढे "ग़ुबार-ए-ख़ातिर" या नावाने १९४६ मध्ये पुस्तक होऊन आलं. त्यात त्यांच्या खोलीच्या छतात घरटी करणाऱ्या चिमण्यांचा मजेदार किस्सा आहे. आधी मौलाना त्यांना हाकलायला बघतात. चिमण्या काही ऐकत नाहीत. शेवटी मौलानाच हार मानतात, दाणे टाकायला लागतात, आणि हळूहळू चिमण्या धीट होतात, जवळ येतात.

आम्ही गोष्ट एवढीच सांगितली, अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत. मग मुलांनी ती करून दाखवली. एक मौलाना, बाकी सगळ्या चिमण्या. पहिल्यांदा हाकलायचं, मग दमायचं, मग दाणे टाकायचे, मग वाट बघायची. हा क्रम लक्षात ठेवणं म्हणजेच वाचनाची पूर्वतयारी. जे मूल "आधी काय झालं, मग काय झालं" सांगू शकतं, त्याला पुढे धडा समजतो. जे सांगू शकत नाही ते अक्षरं जोडून वाचतं, पण काय वाचलं ते त्याला विचारलं तर गप्प. तिसरी-चौथीतली अशी मुलं आमच्याकडे येतात, आणि त्यांचा धागा मागे नेला तर बऱ्याचदा बालवाडीत कोणी त्यांच्याशी गोष्टीच बोललेलं नसतं.

"हाकलायचं की दाणे टाकायचे?" यावर वर्गात दोन तट पडले. एका मुलाचं म्हणणं, चिमणी घाण करते, अम्मी ओरडते. दुसरी म्हणाली, मग खाली पेपर टाकायचा. तिसऱ्याने विचारलं, मौलाना घरी का नाही गेले? तुरुंग म्हणजे काय हे सांगावं लागलं. इंग्रजांना त्यांनी सांगितलं होतं, आमचा देश सोडून जा, म्हणून इंग्रजांनी त्यांना बाहेर जाऊ दिलं नाही. "मग त्यांच्या घरचे भेटायला यायचे का?" हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलीचा. आम्ही "नाही" एवढंच म्हटलं. मोठ्यांसाठी सांगतो: मौलाना त्या किल्ल्यात असतानाच, एप्रिल १९४३ मध्ये, त्यांच्या पत्नी ज़ुलैख़ा बेगम यांचा कोलकात्यात इंतकाल झाला. शेवटची भेट झाली नाही.

मौलाना स्वतः कधी रीतसर शाळेत गेले नाहीत. शिक्षण घरीच झालं, वडिलांकडे आणि घरी येणाऱ्या उस्तादांकडे. त्यांची आई अरब घराण्यातली होती. घरात वेगळ्या भाषेचं वारं असूनही ते उर्दूचे एवढे मोठे लेखक झाले, हे घरात कोकणी किंवा मराठी बोलायला कचरणाऱ्या पालकांनी जरूर लक्षात घ्यावं.

पोशाखाबद्दलही बोलून टाकतो. काही शाळांत या दिवशी मुलांना छोटी शेरवानी, उंच टोपी आणि चिकटवलेली दाढी लावून मंचावर उभं करतात. भाड्याचा पोशाख, वर दोन ओळींचं भाषण, समोर मोबाईलची रांग. मूल दाढी खाजवतं, रडतं, आणि व्हिडिओ मात्र घराघरांत फिरतो. आमच्या मते हा कार्यक्रम मुलांचा नाही, मोठ्यांचा आहे. ज्या घरात भाड्याचे पैसे नसतात ते मूल त्या दिवशी "बुखार आहे" म्हणून घरी राहतं. म्हणून आमच्या वर्गात पोशाख नाही. चिमणी व्हायला दोन हात पुरतात.

त्याच दिवशी सोमवारच्या त्या करवंटीचा उपयोग झाला. आणखी करवंट्या आणवल्या, त्यांत माती घातली आणि रात्रभर भिजवलेली मेथी पेरली. रोज पाणी किती, तर एक झाकण. त्याबद्दल पुढे.

बुधवार: कार्यक्रम नसलेला दिवस

बुधवारी काहीच नव्हतं, आणि आमच्या हिशेबाने तोच सगळ्यात भरलेला दिवस. सकाळी कणकेचे गोळे. पिठाचे डबे घरून आले होते, पाणी मुलांनी घातलं, त्यामुळे अर्ध्यांची कणीक झाली आणि अर्ध्यांची खीर. मग जुने वर्तमानपत्र फाडून लांब पट्ट्या करणं, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं, वाटीतले राजमे चमच्याने दुसऱ्या वाटीत टाकणं. घरी मुलांनी हेच सांगितलं असणार: आज आटा खेळलो.

आता वहीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतात, मऊ कूर्चा असते, आणि वर्षागणिक एकेक टणक होत जाते. साधारण चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठांपैकी निम्मीच दिसतात. सगळी यायला पुढची बरीच वर्षं जातात. अशा हाताने मूल पेन्सिल मुठीत धरतं, कारण बोटांत धरायची ताकद अजून आलेली नसते. त्याला दोन रेघांत शंभर वेळा "अ" किंवा "अलिफ़" काढायला लावलं की ते खांद्यापासून जोर लावतं, हात दुखतो, अक्षर वाकडं येतं, वरून बोलणी बसतात. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी मक्तब, तिन्हीकडे लिहायलाच लावलं तर त्या हाताचं काय होत असेल?

कणीक मळली की तळहात तयार होतो. चिमटा दाबला की अंगठा आणि पहिलं बोट. कागद फाडताना दोन्ही हात एकमेकांच्या उलट चालतात. भाकरी थापणाऱ्या आजीला हे सांगायला लागत नाही, तिने लहानपणी हेच केलेलं असतं. मोठ्या गटातली मुलं मग पेन्सिल नीट धरतात आणि एक पान लिहितात. ते पान म्हणजे वहीतलं ते एकच पान.

हे काही परदेशी फॅड नाही. किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, ही कल्पना जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेलची, १८३७ पासूनची, हे खरं. पण आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये. तिथे महागडी साधनं नव्हती, म्हणून शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात गेली, आणि त्यातूनच अंगणवाडीची कल्पना आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे: बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. खेळ, गोष्टी, घरची भाषा यांवर त्याचा भर आहे. म्हणजे पहिलीत जाण्याआधी वाचता-लिहिता आलंच पाहिजे, अशी अपेक्षा धोरणाचीही नाही. ती अपेक्षा शेजारच्या भाभींची असते.

गुरुवार: दादी-नानींचा तास

गुरुवारी आम्ही आजींना बोलावलं. पाच आल्या. त्यांतल्या तिघींना लिहिता-वाचता येत नाही, आणि आधी त्यांनी नकोच म्हटलं होतं: "आम्ही शाळेत येऊन काय सांगणार?" आम्ही म्हटलं, तुम्ही रात्री झोपवताना जे सांगता तेच सांगा, ज्या बोलीत सांगता त्याच बोलीत.

वर्गात एक मुलगी आहे, साडेचार वर्षांची. जूनपासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. खेळते, जेवते, सांगितलेलं करते, पण तोंड बंद. तिच्या घरी कोकणी. शाळा सुरू झाल्यावर अब्बूंनी ठरवलं की आता घरात सगळ्यांनी उर्दू आणि इंग्रजीच बोलायचं, म्हणजे मुलगी मागे पडणार नाही. अम्मीला ते नीट येत नाही, म्हणून अम्मीचं बोलणंच कमी झालं. दादीला तर येतच नाही. थोडक्यात, मुलगी घरातही गप्प आणि शाळेतही. दिवाळीनंतर घरात विषय निघाला होता की जूनमध्ये हिला इथून काढून दुसऱ्या शाळेत घालायचं, किंवा एक वर्ष मागे ठेवायचं.

तिची दादी आली. कोल्ह्याची गोष्ट कोकणीत सुरू केली आणि मध्येच अडली, की सोंग केलं, ते त्यांनाच ठाऊक. "पुढे काय गे झालं?" म्हणाल्या. मुलगी सगळ्यांसमोर बोलली. एक वाक्य नाही, सगळी उरलेली गोष्ट. कोल्हा कुठे लपला, काय खाल्लं, शेपटी कशी अडकली. एकतीस मुलं गप्प बसून ऐकत होती, जिला त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं तिला. गोष्ट संपल्यावर शेजारच्या मुलाने मोठ्याने जाहीर केलं, "टीचर, इसको बोलना आता है!"

यात चमत्कार काही नाही. नव्या भाषेत पडलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं. त्या काळात ते ऐकत असतं, साठवत असतं. घरची भाषा पक्की असेल तर त्या आधाराने दुसरी भाषा चढते. घरची भाषा काढून घेतली तर चढायला शिडीच उरत नाही. मुलाला पाच वर्षांत तीन भाषा सहज येतात, अट एवढीच की प्रत्येक भाषेत कोणीतरी माणूस त्याच्याशी मनापासून बोलत असावा. मोडक्या इंग्रजीतल्या चार आज्ञा ("कम", "सिट", "ईट", "स्लीप") यांना भाषा म्हणत नाहीत.

पण एक फरक नीट ओळखा. मूल शाळेत गप्प आणि घरी बडबडं असेल तर धीर धरा, वाट बघा. मूल घरच्या भाषेतही बोलत नसेल, चार वर्षांचं होऊनही त्याची वाक्यं बाहेरच्या माणसाला कळत नसतील, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर "त्याचे अब्बू पण उशिरा बोलले होते" म्हणत थांबू नका. आधी कान तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते. लवकर कळलं तर उपाय खूप आहेत.

शुक्रवार: एक तास कमी, मोजणी जास्त

बालदिन यंदा जुम्म्याच्या दिवशी आला, त्यामुळे शाळा लवकर सुटणार होती. पंडित नेहरूंचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ चा. मुलांना आम्ही एवढंच सांगितलं की मंगळवारच्या गोष्टीतल्या त्याच किल्ल्यात नेहरूही होते. एक जण चिमण्यांना दाणे टाकत होता, दुसरा फुलांचे वाफे खणत होता. आणि ही नुसती गोष्ट नाही. नेहरूंनी तिथेच "डिस्कव्हरी ऑफ इंडिया" लिहिलं, आणि उन्हात तासन्‌तास बागकाम करतो, असं त्यात स्वतःच नोंदवलं आहे. दोघांच्या जयंत्या एकाच आठवड्यात येतात, दोघांनी एकाच भिंतींच्या आत दिवस काढले. मोठ्या वर्गांतही हे कोणी जोडून सांगत नाही, याचं आम्हाला नेहमी आश्चर्य वाटतं.

वाफे म्हटल्यावर सगळे करवंट्यांकडे धावले. मेथी उगवली होती. एकवीस करवंट्यांत कोंब, चारांत नुसती माती. का नाही उगवली? एकाने रोज एका झाकणाऐवजी अख्खा ग्लास ओतला होता, हे त्याच्या शेजारणीने सांगितलं. दोघांनी रोज बी उकरून बघितलं होतं, "आलं का, आलं का" म्हणून. चौथ्याचं कारण सापडलं नाही. आम्ही ते शोधून सांगितलंही नाही. कोंबाची उंची बोटाने मोजली: माझं अर्धं बोट, तुझं एक पेर.

मग खाऊ. शिरा आम्हीच घरून करून नेला होता. वाटप मुलांनी केलं, आणि गणिताचा तास तोच. आज हजर किती? सत्तावीस. प्लेटा किती आणल्या? मोठ्या गटातल्या मुलाने पंचवीस मोजल्या. वाटायला लागल्यावर दोन मुलं प्लेटेवाचून राहिली. "किती कमी पडल्या?" "दो!" ही वजाबाकी त्याला कोणी शिकवली नव्हती. अनेक पालक अभिमानाने सांगतात की आमचा शंभरपर्यंत गिनती म्हणतो. माशाअल्लाह, चांगलं आहे. त्याला घरी सांगून बघा, जा, सात चमचे आण. शंभर म्हणणारी बरीच मुलं मूठभर चमचे घेऊन येतात. म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं. दस्तरख्वान मांडताना मुलाला रोज वाट्या मोजायला लावल्या तर वेगळ्या शिकवणीची गरज नाही.

बालदिनाचं नृत्य, नाटक काही नव्हतं. गुलाब मात्र केले, लाल पतंगी कागदाचे, बुधवारच्या फाडण्याचा सराव तिथे कामी आला. आपला गुलाब कुणाला द्यायचा हे ज्याने त्याने ठरवायचं होतं. सर्वांत जास्त गुलाब शाळेच्या मावशींना मिळाले, ज्या त्यांचे डबे उघडून देतात.

शनिवार

शनिवारी पालक आले. आम्ही वही दाखवली नाही, आधी करवंटी हातात दिली आणि सांगितलं, मुलाला विचारा हे काय आहे. मूल बोलायला लागलं की मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका. काही अब्बूंना हे जड गेलं. "बी को बीज बोलते हैं बेटा" वगैरे सुरू झालंच. पण बहुतेकांनी ऐकलं: माती, भिजवलेली मेथी, एक झाकण पाणी, चिमण्या, मौलाना, किल्ला. सोमवार ते शुक्रवार सगळं बाहेर आलं, अर्थात उलटसुलट क्रमाने.

त्या मुलीचे अब्बूही आले होते. जूनचा निर्णय जूनमध्ये बघू, म्हणाले. तोवर दादीने घरात कोकणीच बोलायची, एवढं त्यांनी कबूल केलं. दादी बाजूलाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मी कुठे बंद केलं होतं, तू ऑफिसला गेलास की बोलतच होतो आम्ही.

पुढच्या आठवड्यात कोणताही दिन नाही. पालकांनी काड्यापेट्यांची रिकामी खोकी, जुनी बटणं (मोठी, नाकात न जाणारी) आणि धुतलेल्या दुधाच्या पिशव्या पाठवाव्यात. ज्यांची मेथी उगवली नाही त्यांच्यासाठी बी आमच्याकडे भिजत घातलं आहे. ज्यांची वाढली आहे त्यांनी ती भाजीत घालायला हरकत नाही. फक्त खुडताना मुलाला सोबत घ्या, आणि पानं त्यालाच मोजू द्या.